साळवेआप्पांची सही

साळवेआप्पांना हळू बोलता यायचं नाही. अठ्ठावीस वर्षं वाफेच्या इंजिनावर काढलेल्या माणसाला ते जमतही नसावं. एका कानाशी वाफ, दुसऱ्या कानाशी फायरमनचं फावडं, आणि मधे जे काय बोलायचं ते ओरडून. घरी आल्यावरही तो आवाज खाली उतरत नसे. दौंडच्या रेल्वे कॉलनीत त्यांचं आणि आमचं क्वार्टर लागून होतं, मधे विटेची एक भिंत. त्यांच्याकडे साखर संपली की आमच्या हिला आधी कळायचं, मग यमुनाअक्कांना, म्हणजे आप्पांच्या बायकोला.

मी इंजिनाच्या शेडमधला कारकून. गाव शिरूर. शिरूरला रेल्वे नाही, म्हणूनच बहुधा मला तिचं आकर्षण वाटलं; रोज बघितली असती तर तलाठी झालो असतो. शेडमध्ये मला सगळे 'बाबू' म्हणत. या हाकेत जो मान असतो तो माझ्या बाबतीत पहिल्या आठवड्यात संपला आणि नुसती हाक उरली.

आप्पांच्या आवाजाचा प्रसाद मला लवकरच मिळाला. बढतीच्या परीक्षेत मी तिसऱ्यांदा नापास झालो होतो आणि घरी सांगितलं होतं की निकाल अजून लागायचाय. मन मोकळं करायला कुणीतरी हवं, म्हणून कॉलनीच्या रस्त्यावर आप्पांना गाठलं, हे सांगितलं आणि कुणाला बोलू नका म्हणून गळ घातली. आप्पांचं मन मोठं. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि त्यांच्या हिशेबाने कुजबुजत म्हणाले, "बाबू, तिसऱ्यांदा नापास झालास म्हनून काय झालं? माज्याकडनं कुनाला कळनार न्हाई."

तीन खिडक्या उघडल्या. त्यांतली एक आमची होती.

भेटेल त्या माणसाला त्यांचा एकच प्रश्न असे: "वाफ हाय का?" फोरमनला, शाळेच्या मास्तरांना, पोटुशी असलेल्या शेजारणीला, सगळ्यांना तोच. 'हाय' म्हटलं की पुढे जायचे. 'न्हाई' म्हटलं की थांबायचे आणि खरंच ऐकून घ्यायचे. मी बहुतेक वेळा 'न्हाई' म्हणणाऱ्यांतला.

मनमाडकडच्या फेरीवर ते वांगी घेऊन जात. फायरमनने फावडं भट्टीत धरून तापवायचं, पाण्याने स्वच्छ करायचं आणि त्यावर वांगी भाजायची. कोळशाच्या आचेच्या त्या भरताचा वास इंजिनाच्या आधी शेडमध्ये शिरायचा. डब्यातलं उरलेलं भरीत ते माझ्या टेबलावर ठेवत. एकदा मी ते चुकून एका तपासणीच्या कागदावर सांडलं आणि साहेबांनी त्या डागाला इंजिनाचं तेल समजून शेरा मारला. आप्पा तो शेरा कित्येक दिवस लोकांना सांगत होते. कुजबुजत, अर्थात.

आता कॉलबुकाबद्दल सांगायला हवं, कारण त्याशिवाय आप्पा कळायचे नाहीत. गाडी सुटायच्या दोन तास आधी कॉलमन ड्रायव्हरच्या दारात जातो. आमचा कॉलमन होता भिकू. मनाने सरळ, लिहिलेलं असेल ते करणारा. त्याच्या हातात तांबड्या पुठ्ठ्याचं एक जाडजूड रजिस्टर. त्यात गाडी, इंजिन, लोड, सुटायची वेळ आणि ड्रायव्हरचं नाव मी आधी लिहून ठेवायचो. ड्रायव्हरने समोर सही करायची, वेळ टाकायची. सही झाली की गाडी त्याची, मग घरात काही का होईना. नाही म्हणायची सोय एकच: नेमलेली विश्रांती पुरी झाली नसेल तर सहीच्या जागी 'रेस्ट' लिहायचं. मग फोरमनच काय, फोरमनचा साहेबही त्या माणसाला उठवू शकत नाही. या सोयीचा उपयोग आमची मंडळी सढळ हाताने करत. मेव्हणा आला, रेस्ट. मटण शिजतंय, रेस्ट.

आप्पांच्या नावासमोर 'रेस्ट' कधी नसे. मी जुनी रजिस्टरं चाळून बघितली होती. रिकामा वेळ मला पुष्कळ. धाकट्या भावाच्या लग्नादिवशीसुद्धा सही होती, ठसठशीत, वेळेसकट. मात्र सहीआधी ते चष्मा लावून सगळी ओळ वाचत. भिकू उन्हात ताटकळला तरी वाचत. मी एकदा म्हणालो, आप्पा, रोजचीच तर गाडी, एवढं काय वाचायचं? म्हणाले, "माजा बाप वाचता येत न्हवतं म्हनून अंगठा उठवायचा. कशाकशावर उठला त्ये त्याला मरस्तवर कळलं न्हाई. मी वाचून सही करनार. आन् सही केली की मोडनार न्हाई."

अठ्ठ्याहत्तर साल असावं. हळूहळू भिंतीपलीकडचा आवाज कमी झाला. आम्हाला बरंच वाटलं. हे आज लिहितानाही लाज वाटते, पण वाटलं खरं. दुपारची झोप लागायला लागली. आप्पांचा घसा बसला होता. विड्या कमी केल्या, हळद-दूध झालं, मिठाच्या गुळण्या झाल्या. मग एक दिवस घोटभर पाणी उतरेना, तेव्हा मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. कॅन्सर. डॉक्टरांनी गळ्यातली आवाजाची पेटीच काढून टाकली.

दीड महिन्याने ते परत आले. गळ्याच्या खालच्या बाजूला रुपयाएवढं भोक, त्यावर पांढरी जाळीची पट्टी. श्वास आता तिथून. नाक-तोंडाचा श्वासाशी संबंध संपलेला. त्याचा अर्थ काय, हे आम्हाला एकेक करून कळत गेलं. बशीतला चहा फुर्र करून ओढता येत नव्हता. अंघोळीला गळ्याच्या वर पाणी चालत नव्हतं, पट्टीत थेंब गेला तरी जीव घाबरा. आणि वास येत नव्हता. यमुनाअक्कांनी मुद्दाम चुलीतल्या निखाऱ्यांवर वांगं भाजलं, ताट पुढे ठेवलं. आप्पांनी ताट नाकाशी नेलं, पुन्हा नेलं, मग खाली ठेवलं. दोन घास खाल्ले आणि भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. ती भिंत आमची. पलीकडे मी जेवत होतो.

डॉक्टरांनी दोन गोष्टी बजावल्या होत्या. रोज चालायचं, नाहीतर छातीत कफ भरेल. आणि हवा गिळून ती ढेकरेसारखी वर आणत शब्द काढायला शिकायचं. सवयीने बोलता येतं. आप्पा दोन्ही करेनात. तीन महिन्यांनी रेल्वेच्या डॉक्टरांपुढे उभं राहायचं होतं. इंजिन पुन्हा मिळणार नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण माणूस उठून चालत असेल, चार शब्द बोलत असेल, तर हलकं काम मिळतं. खाटेवर पडून असेल तर नोकरी जाते आणि क्वार्टरही. अक्का दारात येऊन मला म्हणाल्या, "बाबू, ह्ये उठतच न्हाईत वो. तुमी दोस्त-मंडळी काय तरी करा. माजं सांगून झालं."

आम्ही केलं. धीर द्यायला जायला लागलो. धीर देणं हे फार दमवणारं काम आहे, हे आधी कुणी सांगत नाही.

माझी सुरुवातच बघा. आप्पांना बोलता येत नाही म्हणून त्यांच्या उशाशी एक पाटी ठेवली होती. मी पहिल्या दिवशी गेलो, पाटी उचलली आणि तिच्यावर लिहिलं, 'कसे आहात?' त्यांनी खाली लिहिलं, 'बरा.' मी पुसून लिहिलं, 'जेवलात का?' असं तीन दिवस चाललं. चौथ्या दिवशी त्यांनी पाटी माझ्या हातातून काढून घेतली आणि लिहिलं: 'मी मुका झालोय. बहिरा न्हाई. बोल की.'

त्यानंतर मी बोललो, ते त्याहून वाईट. केंदूरच्या माझ्या एका चुलत्यांचं असंच ऑपरेशन झालं होतं. उमेद वाटावी म्हणून मी त्यांची गोष्ट रंगवून सांगितली. कसे ते महिन्याभरात उठले, कसे शेतावर जायला लागले, कशी दुसऱ्या वर्षी विहीर खणली. आप्पा पहिल्यांदाच भिंतीकडून माझ्याकडे वळून ऐकत होते. गोष्ट संपल्यावर त्यांनी पाटीवर लिहिलं, 'आता कसे हायेत?'

मी म्हणालो, "आता नाहीत."

रशीदमामा शेजारीच बसले होते. बाहेर आल्यावर त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि शांतपणे म्हणाले, "बाबू, पुढच्या खेपेला जिवंत मानसाची गोष्ट आन."

रशीदमामा गार्ड होते. तेही शिरूरचेच, त्यांच्या वाडवडिलांपासून. आप्पा गाडीच्या पुढच्या टोकाला, हे मागच्या टोकाला. वीस वर्षं एकत्र गाड्या नेल्या, पण प्रवासात एकमेकांशी एक शब्द नाही; मधे मालाच्या चाळीस वाघिणी असायच्या. निघताना यांनी हिरवं निशाण दाखवायचं, त्यांनी मागे वळून हात करायचा, एवढंच. ते सगळं साठलेलं बोलणं दोघं दौंडला उतरल्यावर करत. भांडणच ते. आता आप्पा बोलेनात, तर मामा दोघांच्या वाटचं भांडू लागले. आप्पांचा मुद्दा आपणच मांडायचा, आपणच खोडायचा. आणि तेही दहा-बारा तासांची ड्यूटी उरकून, धुळीने पांढऱ्या झालेल्या भुवयांनी. अर्ध्या भांडणात त्यांचा डोळा लागायचा.

हे तर नेहमीचंच झालं. धीर द्यायला आलेला प्रत्येक माणूस ड्यूटीवरून आलेला असे. एक फायरमन यायचा, तो 'आप्पा, तुमी काळजी करू नका' एवढं म्हणून खुर्चीत घोरू लागायचा. मी झोपायचो नाही, मी जांभया द्यायचो. एकदा अक्कांनी मला दाखवलं: दोन पाहुणे झोपलेत, आणि आप्पा खाटेवरून हात लांब करून आपली चादर एकाच्या गुडघ्यांवर सरकवतायत. त्या महिन्यातली त्यांची तेवढीच हालचाल.

मामांच्या डोक्यात शेवटी उजेड पडला. ते खाटेसमोर उभे राहून म्हणाले, "साळव्या, आत्ता समजलं तू का उठत न्हाईस. तुला कुनी बोलावनंच आनलं न्हाई." मग मला बाहेर नेऊन विचारलं, जुनं कॉलबुक आहे का.

होतं. निम्मं कोरं, उंदरांनी कोपरा खाल्लेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी परीक्षेत कामी न आलेल्या माझ्या वळणदार अक्षरात लिहिलं: 'गाडी: खास. इंजिन: साळवे. खाट ते दार. लोड: रिकामं. सुटायची वेळ: साडेआठ.' भिकूला समजावलं की हे पुस्तक खोटं आहे पण तोंड खरं ठेव. तो कॉलनीभर हिंडताना खऱ्या पुस्तकाबरोबर हेही घेऊन गेला.

नंतर त्याने सांगितलं ते असं. आप्पांनी पुस्तक बघितलं, मग भिकूकडे बघितलं. खाटेखालून चष्मा काढला. ओळ वाचली, शेवटपर्यंत. पुन्हा वाचली. भिकूला वाटलं, आता हे पुस्तक भिरकावणार. आप्पांनी पेन्सिल मागितली, सही केली, वेळ टाकली. साडेआठला ते दाराची चौकट धरून उभे होते. समोर कडुनिंबाखाली रशीदमामा, रात्रभराची ड्यूटी अंगावर, हिरवं निशाण हलवत. अक्का चुलीपाशी गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

मग रोज एक गाडी. दार ते रस्त्यावरचा नळ. नळ ते कडुनिंब. कडुनिंब ते कॉलनीचं फाटक. आप्पा प्रत्येक ओळ वाचून सही करायचे, आणि एकदा सही केली की पाऊस असो, खोकला असो, निघायचे. लोक हसत नसत. उलट वाट सोडून बाजूला उभे राहत, सिग्नल दिल्यासारखे. खरं सांगायचं तर मी कंटाळलो होतो. रोज सकाळी नवीन गाडी सुचायला हवी. घरी माझ्या पोराला ताप, शेडमध्ये माणसं कमी, आणि मी बसलोय 'फाटक ते मैदान, लोड: पाण्याची कळशी' लिहीत. मामांचेही पाय सुजायला लागले होते. पण आप्पा सही करतायत म्हटल्यावर थांबणार कोण?

एक गोष्ट मात्र जमेना. मी लोडमध्ये लिहायचो, 'तीन शब्द.' आप्पा तेवढंच रेघ मारून खोडायचे आणि बाजूला लिहायचे: 'लोड जास्त.' जास्त लोड नाकारायचा ड्रायव्हरला हक्क असतो, त्यामुळे आमची बोलती बंद. मी 'एक शब्द'वर उतरलो. तोही खोडला. ज्याच्या कुजबुजीने तीन खिडक्या उघडत, त्याला ढेकरांत बोलायची लाज वाटत होती. चालायला लागले, पण डॉक्टरांच्या तारखेला पंधरा दिवस उरले आणि तोंडातून एक अक्षर नाही.

आणि मग मी माझं खास कर्तृत्व दाखवलं.

पोराच्या तापात दोन दिवस झोप नव्हती. सकाळी टेबलावर दोन तांबडी पुस्तकं पडलेली. दुपारी सव्वाबाराला मनमाडकडे मालगाडी होती, तिची ओळ खऱ्या पुस्तकात लिहिली: गाडी, इंजिन, लोड, वेळ. ड्रायव्हर घोडके. पण महिनाभर रोज सकाळी हाताला एकच नाव लिहायची सवय लागली होती. हाताने 'साळवे' लिहिलं. मी वर बघितलं नाही, खाली तर नाहीच. खोट्या पुस्तकात काही लिहायचं राहून गेलं, याचंही भान नाही. भिकूने ओळ वाचली आणि त्याला आनंद झाला. मला नंतर म्हणाला, "मला वाटलं, आप्पा फिट झालं. मी तर निंबापास्नंच हाक मारत गेलो."

आप्पांनी ती ओळ तीनदा वाचली म्हणे. भिकूकडे बघितलं. भिकूचा चेहरा फुललेला. आप्पांनी सही केली, वेळ टाकली, आणि अक्कांना खुणेने निळा युनिफॉर्म काढायला सांगितला. अक्कांना वाटलं, मंडळींनी आज नवीन काही काढलंय.

साडेअकराला मी शेडच्या खिडकीतून बघितलं तर लांबून, रुळांच्या कडेने, आप्पा येत होते. पूर्ण युनिफॉर्म. गळ्याला पट्टी, तिच्यावर धुतलेला रुमाल. हातात ड्रायव्हरची पत्र्याची पेटी. ती चांगल्या माणसालाही जड होते. दहा पावलांवर थांबायचे, पेटी खाली ठेवायचे, पट्टी वरखाली व्हायची, पुन्हा उचलायचे. मी पुस्तक ओढलं, ओळ बघितली. घोडके घरी होते. त्यांना कुणी बोलावलंच नव्हतं. इंजिन वाफ धरून उभं होतं आणि त्याला ड्रायव्हर नव्हता.

फोरमन बाहेर आले. आधी आप्पांकडे बघितलं, मग पुस्तकाकडे, मग माझ्याकडे. तुम्हाला कल्पना करता येईल. गाडी खोळंबणार, वरून जाब विचारला जाणार, आणि आजारपणाच्या रजेवरच्या, गळा कापलेल्या माणसाला मी ड्यूटीवर बोलावलंय. आवाज चढत गेला. आजच्या आज निलंबनाचा कागद काढतो, घरी बस, शिरूरला जाऊन बस. फिटर, शेडमधले खलाशी-मजूर, सगळे गोळा झाले. मी मान खाली घालून उभा. माझ्याकडे सांगण्यासारखं एकच होतं, की मला झोप आली होती. ते सांगायची सोय नव्हती.

आप्पांनी पेटी खाली ठेवली. गालांत हवा घेतली, मान पुढे काढून ती गिळली. पुन्हा गिळली. आणि मग एक आवाज आला, खरखरीत, खालून कुठून तरी ओढून काढलेला.

"सही," आप्पा म्हणाले. थांबले. पुन्हा गिळलं. "माजी."

नुसतं इंजिन फुसफुसत होतं.

"वाचून... केली. बाबूची... चूक... न्हाई."

शुद्ध खोटं होतं. म्हणजे सही वाचून केली हे खरं. चूक माझी नाही, हे खोटं. फोरमनना ते कळत होतं, मला कळत होतं, त्या इंजिनालाही कळत असावं. फोरमननी टोपी काढली, कपाळ पुसलं. हळू आवाजात म्हणाले, "साळवे, घोडक्यांना बोलावतो. तुम्ही सावलीला बसा."

ते बसले नाहीत. गाडी चाळीस मिनिटं खोळंबली. तेवढा वेळ ते इंजिनाच्या चाकापाशी उभे होते. घोडके जेवणावरून उठून, मला शिव्या देत आले. आप्पांनी त्यांच्या खांद्यावर थोपटलं, वर प्रेशरच्या काट्याकडे बोट दाखवलं. गाडी हलली तेव्हा हात वर केला. माझा कागद निघाला नाही. कसा नाही, ते मी विचारलं नाही.

परतीच्या वाटेवर पेटी मी घेतली होती. अर्ध्या रस्त्यात मलाच धाप लागली. मी रुळाच्या कडेला बसलो आणि आप्पा उभे. मला रडू यायला लागलं होतं, दमल्यामुळे म्हणा. आप्पांनी हवा गिळली.

"वाफ... हाय का?"

"न्हाई आप्पा," मी म्हणालो. "संपली."

ते माझ्या शेजारी बसले. ऐकून घ्यायला.

नंतर अक्कांकडून कळलं. त्याआधीचे पंधरा दिवस ते मोरीचं दार लावून नळ सोडून बसायचे. अक्कांना वाटायचं, पाणी वाया घालवतायत. नळाच्या आवाजाखाली ते एकेक शब्द काढत होते. पहिला कुठला काढला, ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

रेल्वेच्या डॉक्टरांनी हलकं काम दिलं. कुठलं, तर कॉलमनचं; भिकूच्या जोडीला. आवाज नसलेला कॉलमन. आप्पा काठीने दार वाजवायचे, ड्रायव्हर बाहेर आला की पुस्तक पुढे करायचे, आणि कुणी न वाचता सही करू लागला तर काठी पानावर आडवी ठेवायचे. वर्ष-दीड वर्ष हे चाललं. कॉलनीत 'रेस्ट' लिहिण्याचं प्रमाण एकदम घटलं. त्या माणसासमोर ते लिहायला हात धजत नसे. मटणं करपली असतील पुष्कळ.

दुसऱ्या उन्हाळ्यात मानेला गाठ आली. डॉक्टरांनी या वेळी काही काढलं नाही, नुसतं तपासलं आणि घरी जा म्हणाले. आप्पा-अक्का क्वार्टर सोडून गावी गेले, इनामगावला.

मी रजेवर शिरूरला आलो होतो. रशीदमामा तोवर निवृत्त होऊन शिरूरलाच राहत होते. आम्ही दोघं सकाळच्या एस.टी.ने न्हावऱ्यापर्यंत गेलो, पुढे मिळेल त्या ट्रॅक्टरवर. मामांच्या पिशवीत केळी, आणि तळाशी ते उंदरांनी कोपरा खाल्लेलं पुस्तक. हिरवं निशाणही आणलं होतं म्हाताऱ्याने.

घोडनदीच्या अलीकडे बाभळीखाली आप्पांची खाट टाकली होती. पुण्याची शिकलेली मंडळी पलीकडच्या टेकाडावर फार जुनी गाडगी-मडकी उकरत होती, ती आप्पांना तिथून दिसायची. शरीर असं झालं होतं की चादरीखाली माणूस आहे हे बघावं लागे. आम्हाला बघून हात वर केला. टेकाडाकडे बोट दाखवलं आणि बऱ्याच वेळाने, दोन-तीनदा गिळून म्हणाले, "ब्रशनं... खनत्यात. फोरमन... नसंल त्यांना."

आम्ही हसलो. मामा हसता हसता नाक पुसू लागले आणि पिशवीत हात घालून त्यांनी पुस्तक काढलं. मी आदल्या दिवशी ओळ लिहिली होती: 'खाट ते नदी. लोड: रिकामं. सुटायची वेळ: साडेचार.' नदी शंभर पावलांवर होती.

अक्कांनी चष्मा दिला. आप्पांनी ओळ वाचली. पुढेही वाचलं, कारण मी शहाणपणाने पुढच्या सात दिवसांच्या सात गाड्याही लिहून आणल्या होत्या. घाई माझी जुनी. सगळं वाचून झाल्यावर पेन्सिल मागितली. मी पुस्तक खालून धरलं.

सहीच्या जागी त्यांनी लिहिलं, 'रेस्ट'. खाली सही केली, ठसठशीत. घड्याळ माझ्या मनगटावर होतं, ते वळवून बघितलं आणि वेळ टाकली. चार-दहा.

मामांनी पुस्तक हातात घेतलं, लांब धरून वाचलं. निशाण पिशवीतून निम्मं बाहेर आलं होतं, ते त्यांनी आत सारलं. आप्पा कुशीवर वळले. इथे भिंत नव्हती. ते आमच्याकडेच तोंड करून झोपले. ट्रॅक्टर येईपर्यंत आम्ही तिथे बसलो होतो, गळ्यावरची पट्टी वरखाली होताना बघत. आम्हाला कुणालाच झोप आली नाही.

एस.टी.त मी पुस्तक उघडलं. त्या सात गाड्या खोडून टाकाव्या म्हणून पेन्सिल काढली, तर मामांनी माझा हात धरला.

"ऱ्हाऊ दे, बाबू," ते म्हणाले. "रेस्ट झाल्यावर लागतील त्याला."